गाडीला विमा नाही, म्हणून बाईला हक्क नाही?

(म्हसावद, ता. शहादा येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून रेशनवर बोलणे झाले, दारूवर झाले, वनहक्काच्या दाव्यांवर झाले. मला विषय दिला आहे गाडीच्या अपघाताचा. मघाशी चहाच्या वेळी एका बाईने विचारले, "ताई, बायांच्या मेळाव्यात गाडीचा विषय कशाला? गाडी बाप्यांची, चालवणार बापे, भांडण बाप्यांचे." प्रश्न बरोबर आहे. गाडी बाप्यांची, हे खरेच. पण गाडीखाली माणूस गेला की मागे राहते ती बाई. तिच्या नावावर जमीन नसते. हातात बँकेचे पासबुक नसते. तिसऱ्या दिवशी पंच बसतात तेव्हा ती आत चुलीपाशी असते आणि तिच्या आयुष्याचा हिशेब बाहेर ओट्यावर होतो. म्हणून हा विषय बायांचा आहे, आणि मेळाव्यातच बोलायचा आहे.

आपले म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शहाद्याहून धडगावला जायचे, राणीपूरवरून तोरणमाळला जायचे, तर रस्ता इथूनच. वरच्या पाड्यांतली माणसे इथे उतरतात. कुणी पपई तोडायला, कुणी कापूस वेचायला, कुणी ऊसतोडीला गुजरातकडे. एसटी वेळेवर मिळत नाही. मग काळी-पिवळी जीप, क्रूझर, पिकअप, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे मिळेल त्यात माणूस चढतो. दहाच्या जागी पंचवीस बसतात. २०२१ साली तोरणमाळच्या घाटात जीप दरीत गेली आणि मजुरीला जाणारी माणसे गेली. २०२५च्या ऑक्टोबरात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली. पेपरात पहिल्या दिवशी फोटो येतात, दुसऱ्या दिवशी मदतीची घोषणा येते. त्यानंतर त्या घरातल्या बाईचे काय झाले, ते छापून येत नाही. मी आज त्यानंतरचे बोलणार आहे.

विमा म्हणजे काय आणि कुणासाठी

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार गाडीचा विमा असलाच पाहिजे, असा कायदा आहे. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात ही तरतूद होती, १९८८च्या कायद्याने ती कायम ठेवली. हा विमा मालकाच्या गाडीला पोचा पडला तर भरून द्यायला नाही. तो तुमच्या-माझ्यासाठी आहे, म्हणजे जो त्या गाडीमुळे मरेल किंवा जखमी होईल त्याच्यासाठी. याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. कायदा करणाऱ्यांचा विचार साधा होता. गाडीवाल्याकडे पैसे असोत की नसोत, विमा कंपनीने नुकसानभरपाई द्यावी आणि गरिबाला मालकाच्या दारात हात पसरायला लागू नयेत.

पण आपल्याकडे काय होते? नवी गाडी घेतली तेव्हा विमा निघतो, कारण त्याशिवाय नोंदणी होत नाही. मुदत संपली की पुन्हा भरत नाहीत. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, कागद पहिल्याच्याच नावावर राहतो. पोलिसांनी पकडले तर बिनविम्याची गाडी पहिल्यांदा चालवल्याबद्दल दंड आहे दोन हजार रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड सरकारजमा होतो. ज्या बाईचे माणूस गेले तिला त्यातला पैसाही मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. गाडीला विमा नसला तर भरपाई देण्याची जबाबदारी संपत नाही. ती मालकावर येते. एवढे एक वाक्य आज घरी घेऊन जा. "विमा नाही, आता काय मिळणार?" हे जो कोणी सांगतो, मग तो गावचा पुढारी असो की चहाच्या टपरीवरचा शहाणा, तो चुकीचे सांगतो, किंवा मालकाच्या वतीने सांगतो.

पंचांची तोड आणि कायद्याचा हिशेब

एका पाड्यावरची हकीकत सांगते. गावाचे नाव सांगत नाही, बाईचेही नाही. तिचा नवरा पपईच्या बागेतून काम करून संध्याकाळी रस्त्याच्या कडेने पायी येत होता. मागून पिकअप आली. माणूस जागीच गेला. तिशीचे वय, दोन लहान मुले, म्हातारी आई. गाडीला विमा नव्हता. गाडीवाला जवळच्याच गावचा. तिसऱ्या दिवशी पंच बसले आणि साठ हजारांवर तोड झाली. वीस हजार रोख, बाकीचे कापूस विकल्यावर. कागदावर सासऱ्याचा अंगठा घेतला आणि मग आत जाऊन हिचाही घेतला. कागदावर लिहिले होते की आमची काही तक्रार नाही. आठवड्याभरात गाडी पोलीस ठाण्यातून सुटली आणि पुन्हा रस्त्यावर धावू लागली. वीस हजार दिवसकार्यात गेले. कापूस विकला गेला, चाळीस हजार आले नाहीत.

पंच वाईट माणसे होती असे मी म्हणत नाही. आपल्या समाजात भांडण मिटवायची ती जुनी रीत आहे आणि कितीतरी वेळा ती कोर्टापेक्षा बरी असते. पण त्या बैठकीत दोन गोष्टी नव्हत्या. एक, जिचे नुकसान झाले ती बाई तिथे बसलेली नव्हती. दोन, खरा हिशेब कुणी केला नव्हता. तो आपण आता करू.

न्यायाधिकरण कसे मोजते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७च्या निकालांत ठरवून दिले आहे. समजा त्या माणसाची मजुरी रोज तीनशे रुपये. महिन्यात पंचवीस दिवस काम, म्हणजे साडेसात हजार. वर्षाचे नव्वद हजार. चाळीस वर्षांखालच्या मजुराची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवतात. झाले एक लाख सव्वीस हजार. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा. घरात अवलंबून असणारे चार जण असतील तर पाव हिस्सा वजा होतो. उरले चौऱ्याण्णव हजार पाचशे. तीस वर्षांच्या माणसासाठी याला सतराने गुणतात. हिशेब होतो सोळा लाख साडेसहा हजार. यात अंत्यविधीचा खर्च आणि जोडीदार गमावल्याची रक्कम वेगळी मिळवायची. कुठे साठ हजार आणि कुठे सोळा लाख! हा आकडा प्रत्येकीला मिळेलच असे नाही. पुरावा लागतो, वेळ लागतो, मालकाकडून वसूलही व्हावे लागते. पण तोडीला बसण्याआधी निदान तो आकडा बाईला माहीत हवा.

आणि तो अंगठा? अंगठा दिला म्हणजे सगळे संपले असे समजू नका. माणूस मेला तो गुन्हा पंचांच्या कागदाने मिटत नाही. तो खटला सरकार चालवते. अज्ञान मुलांच्या वतीने कोर्टात तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. आजोबाने गावात अंगठा दिला म्हणून नातवंडांचा हक्क बुडत नाही. त्या बाईने पाचव्या महिन्यात आमच्याकडे येऊन विचारले तेव्हा दावा दाखल करता आला. तो अजून चालू आहे.

पहिले पंधरा दिवस

माझ्या कामात मी पाहते, की बाईचा हक्क कोर्टात बुडतो त्यापेक्षा जास्त वेळा तो पहिल्या पंधरा दिवसांत गावातच बुडतो. म्हणून या पंधरा दिवसांत काय करायचे ते नीट ऐका.

आधी जीव वाचवा. १०८ला फोन करा, ११२ला करा. मे २०२५पासून केंद्र सरकारची योजना आहे. अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळावेत अशी तिची तरतूद आहे. गाडीला विमा नसला तरीही. रुग्णालयात हे बोलून दाखवा. जखमीला नेणाऱ्या माणसाला पोलिसांनी अडकवून ठेवता येत नाही, तोही कायदा आहे. तेव्हा भिऊन कुणाला रस्त्यावर सोडू नका.

हाड मोडले तर हाड बसवणाऱ्याकडे परस्पर नेऊ नका. नेणार असाल तरी आधी सरकारी दवाखान्यात नोंद करा. केसपेपर, जखमेचे प्रमाणपत्र, एक्स-रे, औषधाची पावती, सगळे एका पिशवीत ठेवा. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. "पोटफाड नको" म्हणून घाईने अंत्यविधी उरकला तर मृत्यू अपघातानेच झाला हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

गाडीचा नंबर लिहा, फोटो काढा. आता पाड्यावर एखाद्या मुलीकडे तरी फोन असतो. एम-परिवहन नावाच्या अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची आणि विम्याच्या मुदतीची माहिती दिसते. आपल्या भागात एमएच ३९ असते तशी जीजे आणि एमपीच्या नंबरचीही गाडी असते. नंबर परराज्यातला म्हणून घाबरायचे कारण नाही. दावा अपघात झाला तिथे करता येतो, आणि तुम्ही राहता तिथेही करता येतो.

पोलीस ठाण्यात फिर्याद द्या आणि तिची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते. फिर्याद बाईने स्वतः द्यावी, किंवा निदान तिच्यासमोर लिहिली जावी. एप्रिल २०२२पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अठ्ठेचाळीस तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा आहे आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा आहे. अपघातग्रस्ताचे हक्क काय, याचा छापील नमुनाही पोलिसांनीच तुम्हाला द्यायचा आहे. मागितला नाही तर बहुतेक वेळा मिळत नाही. म्हणून मागा.

आता बिनविम्याच्या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी सुटू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये सर्व राज्यांना सांगितले आहे, की अपघातातल्या गाडीला विमा नसेल तर मालकाने पुरेसा तारण-जामीन दिल्याशिवाय ती सोडू नये असा नियम करा. तारण दिले नाही तर तीन महिन्यांनी गाडीचा लिलाव करावा आणि पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत. २०२२च्या केंद्रीय नियमांतही ही तरतूद आली आहे. गरीब मालकाकडे दुसरे काही नसेल, पण गाडी तर असते. पाच-सहा लाखांची पिकअप म्हणजे त्या बाईच्या भरपाईचा पहिला हप्ता आहे. ती एकदा सुटली, सुटे भाग होऊन विकली गेली, की हातात फक्त निकालाचा कागद राहतो. म्हणून ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गाडी सोडण्याचा अर्ज चालेल तिथे आपलाही अर्ज गेला पाहिजे, की या गाडीला विमा नाही, तारणाशिवाय सोडू नका. हे काम एकट्या बाईला जमणार नाही. सुतकातली बाई घराबाहेर पडत नाही. हे काम आपल्या गटाचे आहे.

मालक कोण?

मघाच्या हकीकतीत पुढे असे निघाले, की पिकअप ज्याच्या दारात उभी असायची त्याच्या नावावर ती नव्हतीच. कागद दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाच्या नावावर. तो म्हणाला, मी कधीच विकली. दारात उभी करणारा म्हणाला, माझ्या नावावर नाही. दोघांनी हात झटकले. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे, की परिवहन कार्यालयात ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्याने मालक आणि तोच जबाबदार. गाडी विकून कागद न बदलणारे इथे कुणाच्या घरात असतील, तर त्यांनाही हे जाऊन सांगा.

निकालानंतर मालकाने पैसे दिले नाहीत तर न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणून मालकाचा सातबारा कुठला, घर कुठले, ही माहिती आधीच काढून ठेवावी. असली माहिती आपल्या बायांना वकिलापेक्षा जास्त असते.

निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल तर कायद्यात दुसरा रस्ताही आहे. मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरलेली रक्कम, चूक कुणाची हे न पाहता. तीसुद्धा विमा नसेल तर मालकाने द्यायची. पण ती पत्करली की मोठा दावा राहत नाही. म्हणून वकिलाला विचारूनच ठरवा. आणि गाडी ठोकून पळून गेली, नंबरच मिळाला नाही, तर सरकारी निधीतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. तो अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

पिकअपमध्ये बसलेल्यांचे काय?

इथे एक गाठ आहे, ती समजून घ्या. पिकअप आणि ट्रॉली ही मालाची वाहने. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की मालाच्या गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. म्हणजे गाडीला विमा असला तरी आपल्या पाड्यावरच्या माणसापुरता तो नसल्यासारखाच. कापूस वेचायला निघालेल्या वीस बाया मागे उभ्या असतात, त्या कायद्याच्या नजरेत ना माल ना प्रवासी.

तरीही मालकाची जबाबदारी राहतेच. शिवाय २०१७मध्ये अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला सांगितले, आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा. चालकाकडे परवाना नसला तरी २००४पासून न्यायालये हाच मार्ग धरत आली आहेत. आणि मुकादमाने कामावर नेण्यासाठी गाडी केली असेल, तर कामगार भरपाईच्या कायद्याखालीही मागता येते. दोन्हीपैकी एकच कायदा निवडता येतो, कोणता ते वकिलाशी बोलून ठरवायचे. म्हणून "मालगाडीत का बसलात?" असे कुणी दरडावले तर मान खाली घालून परत येऊ नका. एसटी येत नाही म्हणून बसलो, असे सांगा.

बाईच्या कामाची किंमत

आता अपघातात बाईच गेली किंवा जायबंदी झाली तर? तिथे घरातलेच म्हणतात, ती काय कमवत होती! मी एका बाईला ओळखते. मजुरांची गाडी उलटून तिचा पाय मोडला. चालता येते, पण उकिडवे बसता येत नाही, डोक्यावर हंडा घेता येत नाही. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवून दिले, कारण काम करत नाही. मुकादम म्हणाला, तुला काय, नवरा कमावतोय. म्हणजे सासरला तिचे काम हवे, पण त्या कामाची किंमत विचारली की ते काम नव्हतेच!

सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल काय म्हटले आहे ते ऐका. १९८९ साली जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बाया-मुले गेली. त्या प्रकरणात २००१ साली न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची किंमत महिना तीन हजार रुपये धरली. २०१० साली, जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवले जाते यावर न्यायालयाने ताशेरे ओढले. जानेवारी २०२१च्या निकालात २०१९च्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीत बायांचे बिनमोलाचे घरकाम दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाले, पुरुषांचे ९७. ही दया नाही, तिच्या श्रमाला दिलेली मान्यता आहे, असा त्या निकालाचा अर्थ आहे. आपल्याकडची बाई तर पहाटे पाणी, सरपण, भाकरी करून वर मजुरीलाही जाते. म्हणून दाव्यात तिची मजुरी लिहा, आणि घरकामही लिहा. वकील विसरला तर त्याला आठवण करून द्या. मघाच्या बाईने जिल्हा शल्यचिकित्सकांकडून अपंगत्वाचा दाखला घेतला आहे आणि दावा माहेरूनच करणार आहे. कायदा तिला तशी मुभा देतो.

पैसा कुणाच्या हातात?

आणखी एक भीती बायांना असते. "आमचे लग्न रीतीप्रमाणे झाले, कागद नाही. सासरचे म्हणतात, तू बायकोच नाहीस." आदिवासींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. रूढीप्रमाणे झालेले लग्न हे लग्नच. रेशनकार्ड, मतदारयादी, मुलांचे जन्मदाखले, शाळेचा दाखला, यांतून ते दाखवता येते. विधवेने पुन्हा घर मांडले म्हणून तिची भरपाई बुडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. लग्न झालेल्या मुलीलाही वारस म्हणून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालय २००७मध्ये म्हणाले. २०२१ साली तर जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही दाव्यात हक्क दिला. म्हणजे त्या माणसाच्या आधारावर जगणाऱ्या सगळ्यांचाच हा हक्क आहे. सासू आणि सून यांनी एकमेकींविरुद्ध उभे राहायचे कारण नाही. दोघींचेही नाव दाव्यात घाला.

मिळालेला पैसा कुणी लुबाडू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना सूचना दिल्या आहेत. अज्ञान मुलांचे पैसे ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत, आणि निरक्षर दावेदाराचेही शक्यतो ठेवीत ठेवावे. बाईच्या स्वतःच्या नावाचे खाते आधी उघडा. दिराचे किंवा सासऱ्याचे नको.

मुदतीचे एक सांगते. एप्रिल २०२२पासून दावा सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. तेव्हा उशीर झालेल्या बायांनीही घरी बसू नका, पण ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी एक दिवसही घालवू नका. वकिलाच्या फीची चिंता करू नका. १९८७च्या विधी सेवा कायद्याने बाईला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, आदिवासी माणसालाही मिळतो. शहाद्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा.

आपण काय करायचे

शहादा तालुक्याला हे सांगायला नको, की बाया एकत्र आल्या की काय होते. सत्तरच्या दशकात इथे श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराजांसारखा माणूस उभा राहिला. तेव्हा याच गावांतल्या आदिवासी बाया गटागटाने निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्या बायांना कायद्याची कलमे पाठ नव्हती. नवरा दारू पिऊन घरी आला की मार कुणाला बसतो, एवढे माहीत होते. ते दुखणे चव्हाट्यावर आणले, हे त्यांचे काम.

आज रस्त्याचे दुखणे तसेच घरात दडलेले आहे. आपण दोन गोष्टी ठरवू. पहिली, अपघातानंतर पंच बसतील तिथे गटाच्या दोन बाया बसतील, आणि जिचे माणूस गेले ती बोलेपर्यंत कुणाचाही अंगठा कागदावर पडणार नाही. तोड करायचीच असेल तर आकडा समजून करायची आणि वकिलाला दाखवून करायची. दुसरी, या रस्त्याला भाड्याने चालणाऱ्या गाड्यांचे नंबर आपण लिहून काढू, ज्यांच्या विम्याची मुदत संपली आहे त्यांची यादी परिवहन कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी देऊ, आणि पोच घेऊ. त्याच अर्जात एसटीच्या फेऱ्या वाढवा अशी मागणीही लिहू, कारण दुसरी सोय असती तर आपण पिकअपच्या मागे उभ्या राहिलो नसतो. चालक आपलेच भाऊ-भाचे आहेत, त्यांचे पोट त्या गाडीवर आहे, हे मला माहीत आहे. त्यांना आधी घरी सांगा, विमा भर. विम्याचा हप्ता भरायला जड जातो खरा. पण एका अपघातात त्याचे घरही जाते आणि दुसऱ्याचेही.

जेवायला उठण्याआधी प्रत्येक पाड्यातून दोन बायांची नावे द्या, ज्या अशा वेळी लगेच निघतील. सोबत फोन नंबर लिहा. ज्यांच्या घरात मागच्या सहा महिन्यांत अपघात झाला आहे, त्यांनी थांबा. त्यांचे कागद आपण आजच बघू.